जागा पुरली नाही

ताईचं पातेलं चर्चच्या सबंध मंडळीत प्रसिद्ध होतं. कुणी ते पाहिलेलं नव्हतं, पण ऐकून सगळेच होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवचन संपून, येशूच्या मरणाची आठवण म्हणून सगळे घेतात त्या प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला टेबलावर मांडला जाऊ लागला, की शेवटच्या बाकावर बसलेली ताई शेजारच्या धाकट्या भावाच्या गुडघ्याला ढोसायची आणि कुजबुजायची, "सरक रे, पातेलं गॅसवर ठेवून आलेय."

भाऊ उठून उभा राहायचा, ताई पदर सावरत बाहेर पडायची आणि तो परत बसायचा. सत्तेचाळीस वर्षं हे असंच चाललेलं. सुरुवातीला घरात रॉकेलचा स्टोव्ह होता, मग गॅस आला, पातेलं मात्र उतरायला तयार नाही. पाच पाळक आले आणि बदलून गेले. त्यातल्या एकानं तर भर सभेत म्हटलं होतं की ताईच्या पातेल्यात काय शिजतंय ते एकदा चाखायला मिळालं पाहिजे. सगळे हसले होते. सगळ्यात मोठ्यानं हसला होता भाऊ.

हा भाऊ बासष्ट वर्षांचा, वडिलांसारखाच पाट्या रंगवणारा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या पाट्या. सगळे त्याला पेंटर म्हणत आणि ताई त्याला बारक्या म्हणे, कारण ती आठ वर्षांनी मोठी होती आणि त्याला तिनंच वाढवलं होतं. आई गेली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. तीन महिन्यांनी बाबाही गेले. ताईनं लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "याचे डबे कोण भरणार?" पुढे त्याचं लग्न झालं, बायको वारली, मुली सासरी गेल्या, तरी डबे ताईच भरत राहिली. तिच्या नाकावर कधी माशी बसायची नाही, पण दारी आलेला माणूस तिच्याकडून कधी उपाशी गेला नाही. दिवसभर राबायची. जरा टेक म्हटलं की खेकसायची.

आणि आता ताईच्या पोटात गाठ निघाली होती. गुरुवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, गाठ साधीच वाटते, पण वय आहे, हृदय थोडं कमजोर आहे, घरच्यांनी मनाची तयारी ठेवावी. हे वाक्य ऐकल्यापासून पेंटरचा जीव टांगणीला लागला होता. ताई मात्र निवांत. निदान दाखवत तरी तसं होती. तिनं कपाट आवरलं, कुठल्या डब्यात काय आहे ते त्याला तीनदा सांगितलं आणि वर, "विसरशीलच तू," असंही म्हणाली.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता नवे पाळक आले. हे येऊन आठ महिनेच झाले होते. तरुण, उंच, दारातून आत येताना हमखास डोकं आपटणारे. काखेत पवित्र शास्त्र आणि हातात छोटी लाकडी पेटी. आजारी माणसाला घरी प्रभुभोजन देताना नेतात ती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी पेटी उघडली, पांढरं कापड पसरलं, त्यावर भाकरीचा तुकडा आणि बोटभर उंचीचा पेला ठेवला.

ताई सवयीनं उठली. "जरा थांबा हं, पातेलं गॅसवर..."

पाळकांनी मान वळवून पाहिलं. पेंटरनंही पाहिलं. शेगडी दोन हातांवर होती. घासूनपुसून लख्ख, दोन्ही बर्नर बंद, वर काहीही नाही. धुतलेली पातेली ओट्याच्या कडेला ओळीनं पालथी घातलेली होती.

ताई उभीच राहिली. असा तिचा चेहरा पेंटरनं कधी पाहिला नव्हता.

"ताई," पाळक हळूच म्हणाले, "पातेलं नाहीच ना?"

"नाही," ताई म्हणाली आणि खाली बसली. "कधीच नव्हतं."

मग तिनं हात वर करून स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवलं. दाराच्या चौकटीवर एक लांबट पाटी होती. पांढऱ्या जमिनीवर टपोरी काळी अक्षरं, शिरोरेघ सुतात सरळ: पापाची मजुरी मरण. त्यापुढे एक हिरवी वेल आणि लाल फूल.

ही पाटी पेंटरचा मोठा अभिमान होता. त्याची पहिली पाटी. पंधराव्या वर्षी, एकट्यानं, पेन्सिलची रेघही न आखता थेट ब्रशनं केलेली. गिऱ्हाईक घरी आलं की तो ती दाखवल्याशिवाय चहा द्यायचा नाही.

"ती वाचा," ताई म्हणाली. "माझ्यापुरतं एवढंच आहे, पाळकसाहेब. म्हणून मी त्या टेबलाशी येत नाही."

"पण ते वचन तिथं संपत नाही, ताई." पाळकांनी शास्त्र उघडायला घेतलं. "मी वाचून दाखवतो."

"पाठ आहे मला." आणि ताईनं धडाधडा सांगितलं, की पापाची मजुरी मरण हे खरं, पण देव मजुरी देत नाही, तो फुकट देतो, आणि जे देतो ते म्हणजे प्रभू येशूमध्ये कायमचं जीवन. "आई आजारपणात रोज म्हणायची. तिचं आवडतं वचन ते. सगळं म्हणायची, शेवटपर्यंत. मला काय माहीत नाही होय?"

"मग?"

"मग बाबांनी आमच्या घरात अर्धंच का लावलं?"

पेंटरनं मान वर करून पाटीकडे पाहिलं.

ताई सांगू लागली. आवाज भाजीचा भाव सांगावा इतका साधा. आई सहा महिने अंथरुणाला होती. ताई रात्रंदिवस तिच्या उशाशी. एके दिवशी मैत्रिणीचं लग्न होतं. ताई म्हणाली, तासाभरात येते. आई म्हणाली, जा. बाबा आणि बारक्या कामावर होते. लग्नात मैत्रिणी भेटल्या, हसणंखिदळणं झालं, तासाचे तीन तास झाले. परत आली तेव्हा आई गेलेली होती. घरात एकटी. उशाचा पाण्याचा तांब्या खाली पडलेला.

"ती पाण्यासाठी उठली असणार," ताई म्हणाली. "बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. महिन्याभरानं ही पाटी लागली. आईचं वचन, पण तिथवरच. पुढचं माझ्यासाठी नाही, हेच त्यांना सांगायचं होतं."

पाळक पुढे झुकले. "ताई, तुमचे वडील कितीही मोठे असोत, हे पुस्तक त्यांच्याहून मोठं आहे. देवानं पूर्ण दिलेलं वाक्य अर्ध्यावर तोडायचा हक्क त्यांना नाही, मला नाही, कुणालाच नाही. आणि त्या तीन तासांचं म्हणाल, तर तेही येशूनं क्रुसावर स्वतःच्या अंगावर घेतलं. तुम्ही चांगल्या आहात म्हणून नाही. त्याची कृपा आहे म्हणून."

"डोक्याला कळतं हो," ताई म्हणाली. "पण खाली उतरत नाही. मी हे दार दिवसातून पन्नास वेळा ओलांडते."

आता पेंटरला सगळं लख्ख दिसत होतं आणि त्याला ते दिसायला नको होतं. बाबा गेल्यावर आठवड्यानं ताईनं त्याला याच स्वयंपाकघरात विचारलं होतं, "बारक्या, बाबांनी एवढंच लिहायला सांगितलं होतं का रे?" आणि तो म्हणाला होता, "हो. एवढंच." त्यानंतर त्याला कधी त्याची आठवणही झाली नव्हती. पोरानं मारलेली थाप, कोण लक्षात ठेवतं? ताईनं ठेवली होती.

गप्प बसणं सोपं होतं. पाळक बोलत होते, चांगलं बोलत होते, कदाचित ताई ऐकेलही. तिला का दुखवायचं, परवा ऑपरेशन आहे, असं तो स्वतःला समजावू लागला. पण ताईनं समोरचं पांढरं कापड अगदी हलक्या हातानं, भाकरीला धक्का लागू न देता, पाळकांकडे सरकवलं. परक्याची वस्तू परत करावी तसं. ते पाहून त्याच्यानं राहवेना.

"जागा पुरली नाही," तो म्हणाला.

"काय?" ताईनं विचारलं.

"जागा पुरली नाही गं पाटीवर. बाबांनी अख्खं वचन सांगितलं होतं. आधी माप घे, पेन्सिलनं आख, मग ब्रश लाव, असं बजावून ते बाहेरच्या कामावर गेले. मला त्यांना चकित करायचं होतं. सरळ ब्रश घेतला. अक्षरं मोठी झाली. देखणी झाली, पण मोठी झाली. मरणापाशी आलो तर फळी संपत आलेली. काय करणार? उरलेल्या वितीत वेल काढली."

पाळकांनी तोंडावर हात ठेवला. ते हसू दाबत होते की आणखी काही, सांगता येत नव्हतं.

"बाबा आले. पाटीपुढे कितीतरी वेळ उभे राहिले. रागावले नाहीत. म्हणाले, अक्षर चांगलं आहे, वाया नको घालवू, उरलेलं दुसऱ्या फळीवर कर, दोन्ही एकाखाली एक लावू. फळी कापून, आखूनही दिली. मी आज करतो, उद्या करतो म्हणत राहिलो आणि बाबा गेले. तू विचारलंस तेव्हा मला लाज वाटली. पाटीवाल्याचा पोरगा आणि त्याला साधं माप घेता येत नाही, हे कसं सांगणार? म्हणून म्हटलं, एवढंच सांगितलं होतं."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं मान हलवली. "माझं मन राखायला सांगतोयस. परवाचं ऑपरेशन डोळ्यांपुढे ठेवून."

"खरंच सांगतोय, ताई!"

"तुला लहानपणापासून गोष्टी रचायची सवय आहे. आणि अशी फळी होती, तर ती गेली कुठे?"

पेंटर उत्तर न देता उठला, पिठाच्या डब्यांपाशी गेला आणि गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, फरशीवर बसला. तिथून तो आडवा झाला. बासष्टीचा माणूस, नव्या सदऱ्यासकट, ओट्याशेजारी कमरेइतक्या उंचीवर ठोकलेल्या फळीखाली पाठीवर झोपलेला. वर डब्यांची रांग, खाली हा.

"अरे, काय चाललंय तुझं? फरशी आताच पुसलीय!"

"ताई, डबे उतरव. नाही, तू नको. पाळकसाहेब, तुम्ही उतरवा."

बाबा गेल्यावर ताईला डब्यांसाठी फळी हवी होती आणि घरात बरोबर मापाची एक फळी पडून होती. त्यानं ती ठोकून दिली. रंगवायला घेतलेली बाजू खाली केली. पुढेमागे काढू आणि लिहू, असंही तेव्हा मनात होतं. कमरेच्या उंचीच्या फळीला खालून कोण बघतं? सत्तेचाळीस वर्षं त्या फळीनं घराचं पीठ वाहिलं.

पाळकांनी डबे उतरवले, एका डब्याचं झाकण पाडलं आणि माफी मागितली. पेंटरनं आपल्या पिशवीतला पेचकस आणला. चारांतले तीन स्क्रू सुटले. चौथा गंजलेला होता, तो काही केल्या हलेना. शेवटी पाळकांनी फळीच जोर लावून उपटली आणि स्क्रू भिंतीचा टवका घेऊन बाहेर आला. भिंतीची ताईनं कधी नव्हे ती दखल घेतली नाही.

फळी टेबलावर पालथी ठेवली. कोळिष्टकं, पिठाची पुटं. ताईनं फडकं ओलं करून पुसायला घेतलं आणि पेंटर ओरडला, "ओलं नको! पेन्सिल जाईल!" त्यानं आपल्या खिशातल्या रुमालानं हलके हलके धूळ झटकली.

धुळीखाली रंगाची पांढरी जमीन होती, पिवळी पडलेली. तिच्यावर बाबांच्या हातच्या दोन आखीव रेघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कडेला बारीक आकडे. कुठलं अक्षर किती बोटं घेणार, याचा हिशेब, पोरानं पुन्हा घोळ घालू नये म्हणून. आणि रेघांच्या सुरुवातीला, बाबांच्याच वळणात, पेन्सिलनं लिहिलेला एकच शब्द: पण.

ताईनं तो शब्द बोटानं चाचपला नाही, फक्त वर बोट धरलं.

"बाबांचं अक्षर," ती म्हणाली.

पेंटर मात्र दुसरीकडेच बघत होता. फळीच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी कडेला. बाबांची एक पद्धत होती. दुकानात एका वेळी दहा फळ्या वाळत असायच्या, घोटाळा नको म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्यात ते गिऱ्हाइकाचं नाव लिहायचे. पेंटर अजूनही तसंच करायचा. या फळीच्या कोपऱ्यातही काहीतरी होतं. त्यानं चष्मा पुसला, फळी खिडकीच्या उजेडाकडे वळवली. हे त्यानंही कधी पाहिलं नव्हतं. फळी ठोकताना त्यानं रेघा पाहिल्या होत्या, कोपरा पाहिला नव्हता.

"ताई," तो म्हणाला. त्यानं फळी तिच्यापुढे केली.

कोपऱ्यात लिहिलं होतं: थोरलीसाठी.

ताई रडली. आईच्या वेळी रडली नव्हती, बाबांच्या वेळी नाही, गाठ निघाली तेव्हाही नाही. ते सगळं तिनं एकदमच उरकलं. पेंटर शेजारी उभा राहून नुसता तिच्या पाठीवर हात फिरवत होता आणि पाळक खिडकीतून बाहेर पाहत होते.

मग तिनं डोळे पुसले, हातातलं फडकं गुंडाळलं आणि भावाच्या दंडावर सणसणीत हाणलं.

"सत्तेचाळीस वर्षं! गाढवा! सत्तेचाळीस वर्षं मी भर उन्हात घरी पळत येऊन रिकाम्या शेगडीसमोर बसले!"

"चुकलं, ताई."

"वेल काढली म्हणे! आणि फूल!"

"चुकलं गं. काय करू सांग. मी सगळं भरून काढतो. आजपासून डबे मी भरतो. तू म्हणशील ते..."

"काय भरून काढणार आहेस तू? भाजीत मीठ कळत नाही तुला." ती खुर्चीत टेकली. दम लागला होता, पण चेहरा मोकळा झाला होता, आणि पेंटरला एकदम तिची तेविसाव्या वर्षीची वेणी आठवली. "बस इथं. माफ केलं तुला."

"असंच?"

"मग कसं? अर्ज करणार आहेस?" ती म्हणाली आणि बोलता बोलता थांबली. टेबलावरच्या भाकरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. "असंच असतं होय ते," ती हळू आवाजात म्हणाली. कुणाला, ते पेंटरला कळलं नाही.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "फळी नसती सापडली तरी तुमचं खरंच होतं. बाबांचं ऐकायच्या आधी मी त्या पुस्तकाचं ऐकायला हवं होतं. माझाच हट्ट."

"सापडली ते बरं झालं," पाळक म्हणाले. त्यांच्या केसांत पीठ होतं.

"सरकवा ते कापड इकडे."

पाळकांनी प्रार्थना केली. ख्रिस्ताचं शरीर तुमच्यासाठी मोडलं गेलं, असं म्हणून त्यांनी भाकर पुढे केली आणि ताईनं दोन्ही हातांची ओंजळ केली. पेंटरनंही घेतली. आजवर तो दर महिन्याला घेत आला होता, बाकावरच्या रिकाम्या जागेशेजारी बसून. आज शेजारची जागा रिकामी नव्हती.

बुधवारी त्यानं दुकान बंद ठेवलं. फळी टेबलावर घेतली, बाबांच्या रेघा तशाच ठेवल्या, आकडे तसेच ठेवले. ताई शेजारी खुर्ची टाकून बसली.

"आधी माप घे," ती म्हणाली.

"घेतलंय गं. बाबांनीच घेऊन ठेवलंय."

"तरी घे."

त्यानं पुन्हा घेतलं. मग हाताच्या आधारासाठी आडव्या धरलेल्या काठीवर मनगट टेकवून पहिल्या शब्दावर ब्रश फिरवला. हात आता पूर्वीसारखा स्थिर नव्हता, अक्षरं पंधराव्या वर्षाइतकी झोकदार आली नाहीत. पण पूर्ण आली, येशूच्या नावासकट, शेवटच्या जीवनापर्यंत. वेलीला जागा उरली नाही. संध्याकाळी पाटी पहिलीच्या खाली लागली आणि ताई उगाचच त्या दारातून चारदा आतबाहेर करून आली.

गुरुवारी तिला आत नेताना पेंटरची पाचावर धारण बसली होती. ताईनंच स्ट्रेचरवरून त्याला सांगितलं, "घाबरू नकोस रे. इथून परत आले तरी ठीक, नाही आले तरी ठीक. दोन्हीकडे माझी जागा आहे." दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि गाठ साधी निघाली म्हणाले. पेंटरचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं शेवटच्या बाकावर बसले. ताई अजून हळू चालत होती, काठी शेजारी टेकवलेली. प्रवचन संपलं. पुढे टेबलावरचं पांढरं कापड बाजूला झालं, भाकर आणि प्याला दिसू लागला. सत्तेचाळीस वर्षांची सवय, पेंटर आपसूक उठला आणि ताईला वाट करून देत बाजूला झाला.

ताईनं त्याच्या सदऱ्याला धरून त्याला खाली ओढलं.

"बस ना," ती म्हणाली. "गॅसवर काही नाहीये."